कविता सोडून दिलेल्यांसाठी कवितावाचनाची एक रीत

गणेशोत्सवात घरोघर म्हटल्या जाणाऱ्या आरतीत ‘लंबोदर पीतांबर फणिवरबंधना’ अशी एक ओळ आहे, आणि ती ‘फळीवर वंदना’ अशी ठणकावून म्हणणारे निदान एक तरी माणूस प्रत्येक मांडवात सापडते. वयाच्या तिशीपर्यंत तो माणूस मी होतो. गणपती फळीवर बसवतात, म्हणून फळीवर वंदना, असा त्याचा अर्थही मी मनाशी लावून टाकला होता. फणिवर म्हणजे थोर नाग आणि तो ज्याने पोटाला बांधला आहे तो फणिवरबंधन, हे एका वडीलधाऱ्यांनी सांगितले तेव्हा ते भले मोठे पोट, त्यावरचे पिवळे वस्त्र आणि वर करकचून आवळलेला नाग असे सगळे एकदम दिसू लागले. चाल तीच होती, टाळ्याही त्याच होत्या. इतकी वर्षे म्हटलेली ओळ मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली, एवढेच.

‘आपल्याला बुवा कविता कळत नाही’ असे सांगणाऱ्याला मी हा प्रसंग सांगतो, कारण असे म्हणणारा माणूस बहुधा चार-पाच आरत्या, मनाच्या २०५ श्लोकांपैकी दहा-वीस श्लोक, पसायदानाच्या नऊ ओव्या आणि दोन-तीन अभंग तोंडपाठ बाळगून असतो. त्याला कविता येत असते. ती नीट पाहण्याची सवय मात्र शाळेतच सुटलेली असते. आमच्या वेळी संदर्भासह स्पष्टीकरण होते, आता रसग्रहण आहे. दोन्हींत ‘कवीला काय म्हणायचे आहे’ या प्रश्नाला ठरावीक गुण असतात आणि उत्तर मार्गदर्शकात छापलेले असते. ज्या गोष्टीचे उत्तर आधीच छापून ठेवले आहे तिच्याकडे परीक्षेनंतर कोण कशाला फिरकेल? दहावीनंतर कवितेशी संबंध उरतो तो दिवाळी अंकात तिची पाने उलटून पुढच्या कथेकडे जाण्यापुरता.

कविता वाचल्याने माणूस चांगला होतो, असे मी म्हणणार नाही. भरपूर कविता वाचूनही कोते राहिलेले लोक मी पाहिले आहेत. माझे म्हणणे त्याहून साधे आहे. साहित्यातल्या सगळ्या प्रकारांत कविता हीच एक गोष्ट अशी आहे की ती संपूर्ण, एकही अक्षर न वगळता, आपल्या ताब्यात येऊ शकते. कादंबरी कितीही आवडली तरी तिची आठवण उरते. चित्राची आपल्याकडे नक्कल असते. पाठ केलेली कविता मात्र मूळ प्रतच असते, आणि ती बसच्या रांगेत किंवा रुग्णालयाच्या बाकावर पुस्तकावाचून उघडता येते. त्यासाठी खास अभिरुची लागत नाही. रोजची दहा मिनिटे, मोठ्याने वाचण्याची तयारी आणि एकच कविता आठवडाभर न सोडण्याचा चिवटपणा एवढे पुरते. पुढे सांगितलेली रीत त्या एका आठवड्याची आहे.

कोणती कविता घ्यावी

पहिली कविता आठ ते सोळा ओळींची असावी, छंदात असावी आणि छापील पुस्तकातली असावी. शेवटची अट विनाकारण घातलेली नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पुष्कळ कवितांखाली कुसुमाग्रज, विंदा किंवा पु. ल. यांचे नाव असते आणि त्यांचा त्या ओळींशी काहीही संबंध नसतो. जी खरोखर त्यांची असते तिच्याही ओळी वाटेत गळालेल्या किंवा कुणीतरी ‘सुधारलेल्या’ असतात. एका शब्दावर आठवडा घालवायचा असेल तर तो शब्द कवीचाच आहे, एवढी खात्री आधी हवी.

मी नवख्या वाचकाला बालकवींची ‘औदुंबर’ देतो. त्र्यंबक बापूजी ठोमरे हे त्यांचे नाव. १८९० मध्ये धरणगावला त्यांचा जन्म झाला, १९०७ मध्ये जळगावला भरलेल्या कविसंमेलनात त्यांनी कविता वाचली तेव्हा त्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, आणि १९१८ च्या मे महिन्यात जळगावजवळच्या भादली स्थानकात रेल्वेखाली सापडून वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी ते गेले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या प्रकाशित लेखनावरचा स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे ही कविता कुणालाही निर्धास्तपणे उतरवून घेता येते. आजच्या शुद्धलेखनात ती अशी:

ऐलतटावर पैलतटावर हिरवाळी घेऊन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटांतुन.

चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे,
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.

पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे,
हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे.

झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर,
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.

आधी तोंड, मग डोके

पहिले दोन दिवस अर्थाचा विचारही करू नये. कविता उभ्याने किंवा ताठ बसून, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल इतक्या आवाजात तीनदा वाचावी आणि पुस्तक मिटावे. डोळ्यांनी वाचणारा माणूस वर्तमानपत्राच्या सवयीने पुढे धावतो. तोंडाला तसे धावता येत नाही, कारण प्रत्येक अक्षराला त्याचा वेळ द्यावाच लागतो. घरात लाज वाटत असेल तर गच्चीवर जावे. मला स्वतःला ही लाज मोडायला बरेच दिवस लागले होते.

तोंडाला ओळ सरावली की मांडीवर हलका ठेका धरून पाहावा. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा आणि दीर्घ अक्षराच्या दोन, हा शाळेतला हिशेब आठवत असेलच. ‘ऐलतटावर’ याच्या आठ मात्रा होतात, ‘पैलतटावर’ याच्या आठ, ‘हिरवाळी घे’ याच्या पुन्हा आठ, आणि मग ‘ऊन’ एवढा तीन मात्रांचा तुकडा उरतो. पुढची ओळ तशीच: ‘निळासावळा’, ‘झरा वाहतो’, ‘बेटाबेटां’ आणि उरलेले ‘तुन’, जे किंचित ओढून म्हटले की आपोआप जागेवर बसते. आठही ओळी याच मापाच्या आहेत. बालकवींनी बोटे मोजून ही कविता लिहिली असे समजण्याचे कारण नाही. ज्या कानाने ओव्या आणि पदे लहानपणापासून ऐकली आहेत त्याला ही मापे चालीसारखीच येतात, आणि तुमच्याही कानाने ती ऐकलेली आहेत.

येथे दोन खोड्या टाळायच्या आहेत. पहिली खोडी पाढे म्हटल्यासारखे वाचण्याची. ठेका सांभाळण्याच्या नादात ‘हिरवाळी घे – ऊन’ असा शब्द मधोमध तोडला तर कविता हास्यास्पद होते. ठेका मांडीवर राहू द्यावा, तोंडाने शब्द अखंडच म्हणावा. दुसरी खोडी याच्या उलट, ‘भावपूर्ण’ वाचण्याची, म्हणजे प्रत्येक ओळीच्या शेवटी उसासा सोडण्याची. आपल्याकडच्या पुष्कळ समारंभांत कविता अशीच वाचली जाते, आणि सामान्य श्रोता कवितेला जो दबकून असतो त्याचे निम्मे कारण हे उसासे आहेत, असे मला वाटते. सरळ, स्वच्छ, किंचित सावकाश वाचावे. भावनेची जबाबदारी ओळींवर सोडावी.

पाहणे

तिसऱ्या दिवशी पेन्सिल घ्यावी. ‘कवीला काय म्हणायचे आहे’ हा प्रश्न या आठवड्यापुरता बंद ठेवून त्याऐवजी अगदी बाळबोध प्रश्न विचारावेत, ज्यांची उत्तरे कागदावरच आहेत. यात क्रियापदे कोणती? रंग कोणते? माणसे किती? कोणती वस्तू आधी येते आणि कोणती शेवटी?

‘औदुंबर’मधली क्रियापदे एका रेषेत लिहून काढली तर झरा वाहतो, पायवाट आडवीतिडवी पडते आणि चालत जाते, काळिमा पसरतो. सगळे हलते आहे. शेवटच्या ओळीत मात्र झाड ‘बसले’ आहे, आणि तेही पाय पाण्यात सोडून, जसा घाटाच्या पायरीवर एखादा माणूस बसतो. आता माणसे मोजू लागलो तर एकही सापडत नाही. चार घरांचे गाव आहे, कुणीतरी कसलेले शेतमळे आहेत, कुणाच्या तरी पावलांनी पडलेली वाट आहे, पण माणूस चित्रात नाही. माणसासारखे बसलेले जे एकच कुणी आहे ते झाड आहे. ही गोष्ट मला कुणी शिकवली नव्हती. मोजदाद करताना ती हाती लागली, आणि त्या दिवसापासून ती कविता मला पूर्वीसारखी नुसती ‘निसर्गसुंदर’ वाटेनाशी झाली.

रंगांचेही तसेच आहे. हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या, काळिमा असे रंग एकामागून एक येतात आणि हळूहळू गडद होत जातात. शेवटच्या ओळीत रंगच नाही. काळिम्याला ‘गोड’ असे विशेषण आहे, आणि एरवी आपण काळिमा हा शब्द लावतो तो नावाला किंवा घराण्याला. हे दोन शब्द शेजारी का आले असावेत, यावर उत्तर न शोधता नुसते दोन दिवस घुटमळत राहायला हरकत नाही. पायवाट डोहाकडे का जाते, याचे साधे उत्तर माणसे पाण्याला येतात असे आहे. परंतु काळ्या डोहाकडे जाणारी पांढरी वाट वाचताना अंगावर जो हलका काटा येतो त्याला हे उत्तर पुरत नाही. औदुंबर म्हणजे उंबर, ओढ्याकाठचे झाड. आणि महाराष्ट्रात तो दत्ताचाही वृक्ष आहे, त्यामुळे तो पाण्यात पाय सोडून बसला म्हटले की काहींना त्यात विरक्त बैठक दिसते. समीक्षकांनी या आठ ओळींवर पुष्कळ लिहिले आहे. कुणाला त्यांत खिन्नता दिसली, कुणाला तृप्ती, आणि कुणी ते फक्त एक चित्र आहे असे म्हटले. तुमचे मत पक्के होईपर्यंत यांपैकी काहीही वाचू नये. नंतर अवश्य वाचावे, कारण आपल्या मताला कुणीतरी पुराव्यानिशी खोडून काढताना पाहण्यात वेगळीच मजा असते.

आता ‘असला’ हा शब्द. आजच्या बोलीत ‘असला’ म्हटले की नाक मुरडल्यासारखे वाटते: असला कसला माणूस! येथे तो ‘असा’ या अर्थाने आला आहे. पण ‘असा हा औदुंबर’ म्हणून पाहिले की ओळ गुळगुळीत होते, आणि ‘असला औदुंबर’ म्हटले की लहान मुलाने बोट दाखवून ‘असला मोठा मासा’ म्हणावे तसे काहीतरी होते. मला ते बोट दिसते. तुम्हाला न दिसल्यास काही बिघडत नाही.

कोण बोलते आहे

प्रत्येक कवितेत चित्र असेलच असे नाही. काही कविता म्हणजे कुणीतरी कुणाशी तरी बोलणे असते. अशा वेळी तीन गोष्टी आधी ठरवाव्यात: कोण बोलते आहे, कुठून बोलते आहे आणि समोर कोण आहे. यासाठी दुसऱ्या आठवड्याला मी बहिणाबाई चौधरींकडे जातो. त्याही जळगावजवळच्याच, असोद्याच्या. जन्म १८८०, म्हणजे ठोमऱ्यांपेक्षा दहा वर्षांनी वडील, आणि मृत्यू १९५१. एकाची कविता संमेलनात वाचली गेली, त्याला पदवी मिळाली. दुसरीला अक्षरओळख नव्हती आणि तिने जात्यावर, शेतात, चुलीपुढे जे रचले ते घरच्यांनी कागदावर उतरवले म्हणून राहिले. तिचे चिरंजीव सोपानदेव स्वतः कवी होते. त्यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले. तोवर बहिणाबाई नव्हत्या.

अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर
आधी हाताला चटके तंव्हा मियते भाकर

ह्या ओळी लग्नाच्या भाषणांतून इतक्या वापरल्या गेल्या आहेत की त्या गुळगुळीत झाल्या आहेत, आणि म्हणूनच त्यांच्यावर ही रीत चालवून पाहावी. बोलणारी चुलीपुढे बसलेली आहे. ‘अरे’ कुणाला आहे? संसारालाच, आणि तोही एकेरीत, जसे दारातल्या बैलाला किंवा मुलाला हाक मारावी तसे. आता भाकरी करणाऱ्याला ठाऊक असते की थापलेली भाकरी तव्यावर टाकली की तिच्यावर हातानेच पाणी फिरवायचे असते, आणि सराव असला तरी तव्याची धग त्या बोटांना लागतेच. म्हणजे चटका हा येथे उपमेसाठी शोधून आणलेला नाही. तो त्या क्षणी बोटाला बसलेला आहे. ज्यांनी भाकरी फक्त ताटात पाहिली आहे त्यांनी एकदा करून पाहावी आणि मग ही ओळ म्हणावी, असा माझा प्रामाणिक सल्ला आहे.

‘मियते’ पाहून अडखळू नये. लेवा बोलीत प्रमाण भाषेतला ‘ळ’ पुष्कळदा ‘य’ होतो, म्हणून मिळते चे मियते. हे एकदा कळले की तिच्याच ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर’ या ओळीतला ‘वढाय’ही उलगडतो: तो आपला ओढाळ, म्हणजे कितीही हाकलले तरी परक्याच्या पिकात तोंड घालणारा बैल. मन चंचल आहे हे आपण सगळेच म्हणतो, आणि त्या वाक्याने कुणाचे काही हलत नाही. उभ्या पिकात शिरलेल्या ओढाळ ढोरामागे धावणारा माणूस मात्र घामाघूम असतो, शिव्या देत असतो, आणि ते ढोर त्याचे स्वतःचेच असते. बोलीतली कविता डोळ्यांनी अवघड आणि कानाला सोपी असते, म्हणून तिच्या बाबतीत मोठ्याने वाचण्याचा नियम दुप्पट कडकपणे पाळावा.

बहिणाबाई एकट्या नव्हत्या. महाराष्ट्राच्या खेड्यांतल्या बायका पहाटे जात्यावर बसून भावाविषयी, माहेराविषयी, विठ्ठलाविषयी, सासूच्या बोलण्याविषयी ओव्या रचत आल्या. हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्या आता ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर बायकांच्या स्वतःच्या आवाजात ऐकायला मिळतात. कविता ही शिकलेल्यांची मिरास आहे असे ज्यांना वाटते त्यांनी एक संध्याकाळ तेथे घालवावी.

कळली नाही तर

कधीतरी अशी कविता हाती येते की शब्द सगळे ओळखीचे असतात आणि वाक्य हाती लागत नाही. मर्ढेकरांच्या १९४७ च्या ‘काही कविता’मध्ये अशा पुष्कळ आहेत. ‘पिपांत मेले ओल्या उंदिर, माना पडल्या, मुरगळल्याविण’ ही ओळ वाचून चार पिढ्यांनी कपाळावर हात मारून घेतला आहे. येथे पहिला उपाय म्हणजे जुन्या पंतोजींचा अन्वय: शब्द गद्याच्या क्रमाने लावून पाहावेत. ओल्या पिपात उंदीर मेले. मुरगळल्याशिवाय माना पडल्या. एवढ्याने निम्मे धुके जाते. दुसरा उपाय म्हणजे विचित्र वाटलेल्या शब्दापाशी थांबणे. मान मुरगळली तर मुरगळणारा हात असतो, वैरी असतो, निदान कुणाला तरी आपली दखल होती असे होते. येथे मुरगळल्याविण पडली आहे. महायुद्धाच्या आणि गिरण्यांच्या मुंबईत राहणाऱ्या कवीला कोणत्या प्रकारचे मरण दिसत असेल, याचा विचार मग ज्याचा त्याने करावा.

तिसरा उपाय सर्वांत महत्त्वाचा आणि तो म्हणजे सोडून देणे. तीन दिवस वाचूनही ओळ उघडत नसेल तर पानाचा क्रमांक वहीत टिपून ठेवावा आणि दुसरी कविता घ्यावी. यात वाचकाचा पराभव नाही, कवीचाही नाही. काही कविता तर खरोखरच वाईट असतात. छापली गेली म्हणून ती चांगलीच असणार आणि कमी आपल्यातच असणार, असे मानण्याची सक्ती कुणावर नाही. फक्त तीन दिवसांच्या आत असा निकाल देऊ नये.

ठेवून घेणे

आठवड्याचे शेवटचे दोन दिवस पाठांतराचे. चाळिशीनंतर पाठ होत नाही ही समजूत बहुतेक आळसातून आलेली आहे, कारण पाच दिवस मोठ्याने वाचलेली कविता एव्हाना तीन-चतुर्थांश पाठ झालेलीच असते. पुस्तक मिटून ती वहीत लिहावी, अडेल तेथे जागा सोडून पुढे जावे, आणि मग पुस्तक उघडून ताडून पाहावे.

हे ताडून पाहणे मला या सगळ्या रीतीतले सर्वांत मोलाचे वाटते. आयुष्यभर हिशेब तपासण्याची नोकरी केल्यामुळे असेल, पण दोन रकाने शेजारी ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. ‘औदुंबर’ पहिल्यांदा आठवून लिहिली तेव्हा मी ‘हिरवी गर्दी’च्या जागी ‘हिरवी शेते’ लिहिले होते. ती माझी ओळ होती. म्हणजे बालकवींच्या जागी मी असतो तर तेवढेच लिहिले असते. गर्दी ही माणसांची असते, जत्रेची असते. ज्या कवितेत माणूसच नाही तिच्यात गर्दी शेतांना दिली आहे, हे मला त्या चुकीमुळे दिसले. म्हणून आपल्या चुका खोडू नयेत. मूळ शब्द त्याच्या वर लाल शाईने लिहावा आणि दोन्ही राहू द्यावेत.

पाठ झालेली कविता महिन्याभराने एकदा म्हणून पाहावी, नाहीतर कडा झिजतात. आणि ती कुणालातरी ऐकवावी. नातवाला झोपवताना, दूरगावी असलेल्या बहिणीला फोनवर, भाजी निवडताना. व्यासपीठाची गरज नाही. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर सुरू झालेल्या गीतरामायणाची ५६ गीते लोकांनी आठवड्याला एक अशी ऐकली, वह्यांमध्ये उतरवून घेतली आणि घरातल्या मुलांना शिकवली. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर हे तिघे पुढे गावोगाव कवितावाचन करत हिंडले आणि त्यासाठी सभागृहे भरत असत. एका वेळी एक कविता कानाने घ्यायची, ही रीत म्हणूनच माझी मुळीच नाही. मी फक्त तिला आठवड्याच्या चौकटीत बसवले.

पुढच्या आठवड्यांसाठी

पहिल्या दोन-तीन महिन्यांनंतर छंदाचा कठडा सोडायला हरकत नाही. इंदिरा संतांच्या कवितेत घरातल्या, रोजच्या वस्तूंना जो भार येतो तो सावकाश वाचणाऱ्यालाच कळतो. नारायण सुर्वे यांचे ‘माझे विद्यापीठ’ कामगार वस्तीतल्या बोलण्याच्या लयीत आहे आणि ज्यांना कविता म्हणजे चंद्र-चांदणे वाटते त्यांना ते आधी द्यावे. शेतीशी नाते असेल तर ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’. बा. भ. बोरकर मात्र गोव्याचा पाऊस सुरू असताना काढावेत, किंवा कुठलाही पाऊस. अरुण कोलटकरांचा १९७७ चा संग्रह आणि नामदेव ढसाळांचे मुंबईच्या कामाठीपुरा भागातल्या जगण्यावरचे १९७२ चे ‘गोलपिठा’ मी साधारणतः उशिरा सुचवतो, पण हा नियम मोडणाऱ्या एका तरुण टॅक्सीचालकाची आठवण मला आहे. तो त्याच गल्ल्यांत वाढला होता, त्याने ‘गोलपिठा’पासूनच सुरुवात केली आणि जेथे मला शब्दकोश लागतो तेथे तो हसत होता.

पुस्तके विकत घ्यावीतच, पण आधी गावातल्या सार्वजनिक वाचनालयात जावे. बहुतेक वाचनालयांत कवितेचे कपाट असते आणि ते खालच्या खणात किंवा जिन्याखाली असते. संग्रह इतके सडपातळ असतात की कादंबऱ्यांच्या मध्ये ते दबून जातात, म्हणून एकेक बाहेर ओढून पाहावे लागते. शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीवर आधीच्या वाचकाची तारीख असते आणि ती कधीकधी दहा वर्षांपूर्वीची निघते. दोन पुस्तके नेण्याची सोय असेल तर एक कादंबरी घ्यावी आणि एक संग्रह. मुदतीत कादंबरी वाचून होईल आणि संग्रहातल्या दोनच कविता झालेल्या असतील, तेव्हा कादंबरी परत करून संग्रह पुन्हा नावावर लिहून घ्यावा. आमच्या ग्रंथपाल बाईंनी एकदा साठ पानांचे एक पुस्तक चौथ्यांदा माझ्या नावावर लिहिताना चष्म्यावरून पाहिले आणि ‘अजून झाले नाही का हो?’ असे विचारले. मी अजून तिसाव्या पानावर होतो.